परिवलन, परिभ्रमण आणि जूनमध्ये न दिसणारा मृग

गच्चीवरून: भाचीची भूगोलाची चाचणी आहे. परिवलन म्हणजे स्वतःभोवती की सूर्याभोवती, हे ती दर दोन दिवसांनी विसरते. खरं सांगायचं तर मीही. दोन्ही शब्द 'परि'ने सुरू होतात, दोन्हींचा अर्थ फिरणंच. शब्दातच काही खूण आहे का?
दुसरा प्रश्न आईचा. तिचं माहेर जुन्नरकडचं, शेतीवाडीतलं. ती म्हणते, जूनमध्ये मृग लागतो, मग तेव्हा आभाळात मृग का दिसत नाही? मी 'ढग असतात ना' म्हणून वेळ मारून नेली. तिला ते अजिबात पटलेलं नाही.

लाडूवाली: खूण 'वल'मध्ये आहे. संस्कृत 'वल्' म्हणजे वळणं, आपलं 'वळणे' तिथलंच. लाडू वळताना तो हातातल्या हातात फिरतो, परातीला फेरी मारून येत नाही. ते परिवलन, त्याने दिवसरात्र होते. भ्रमण म्हणजे जागा सोडून हिंडणं. त्याने वर्ष होतं. आमच्या घरात दोन्ही मुलं यावर पास झाली आहेत.

धातुपाठ: लाडू झकास, पण दुसरी बाजू लंगडी आहे. 'भ्रम्' धातूतून भ्रमर आला आणि त्यातून भोवरा. भोवरा तर जागच्या जागी गरगरतो! तेव्हा संस्कृतात हे दोन अर्थ काटेकोर वेगळे होते असं समजू नका. ही वाटणी शास्त्राच्या परिभाषेने केली आणि पाठ्यपुस्तकांनी रुजवली. खूण म्हणून लाडू चालेल, व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून नाही.
जाता जाता: 'पृथ्वी सूर्याला प्रदक्षिणा घालते' हे आपण बिनदिक्कत लिहितो. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा. उत्तरेकडून पाहिलं तर पृथ्वी घड्याळाच्या उलट फिरते, म्हणजे सूर्य डावीकडे. देवळात असं फिरलात तर पुजारी हटकेल.

व्याधाच्या मागावर: आईंच्या प्रश्नावर येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. घोळ 'लागणे' या क्रियापदात आहे. मृग लागला म्हणजे मृग उगवला नव्हे, सूर्य मृगात शिरला. (काही भागात 'रोहिणी निघाल्या' म्हणतात, तेही सुरू झाल्या याच अर्थाने.) पावसाची सगळी नक्षत्रं सूर्याची. पंचांगात 'आजचं नक्षत्र' म्हणून रोज बदलतं ते चंद्राचं. सूर्याला 27 नक्षत्रं ओलांडायला वर्ष लागतं, म्हणून एकेकात तो साधारण साडेतेरा दिवस असतो. 7 किंवा 8 जूनला तो मृगात येतो. मग मृग सूर्याबरोबरच उगवतो, दिवसभर डोक्यावर असतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. ढग नसते तरी दिसला नसता.
अर्थात, सूर्य कुठे शिरत नाही. आपण परिभ्रमणात पुढे सरकतो आणि सूर्यामागची पार्श्वभूमी बदलते. म्हणूनच तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची एक गिरकी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांची. सूर्य पुन्हा समोर यायला आणखी थोडं वळावं लागतं.
हे पाहायला दुर्बीण नको. मी सहकारनगरात राहतो, दिव्यांमुळे तारे मोजकेच दिसतात, पण मृगाजवळचा व्याध हा सर्वांत तेजस्वी तारा सुटत नाही. 31 डिसेंबरला खाली पोरांचं संगीत चालू असताना तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागून बरोबर आठला बाहेर आला. गच्चीच्या फरशीवर खडूने पावलं आखून ठेवली. संक्रांतीच्या संध्याकाळी त्याच पावलांवर उभा राहिलो, तर सात वाजून पाच मिनिटांनी हजर. आईंना मृग दाखवायचा तर डिसेंबर-जानेवारीत जेवणं झाल्यावर वर न्या. तेव्हा तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो.

चौकस पुणेकर: मग संक्रांतही तशीच? सूर्य मकरेत शिरला म्हणून उत्तरायण?

धातुपाठ: तिथे मात्र दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या आहेत. 'अयन' म्हणजे जाणं. सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो तो 21-22 डिसेंबरला, संक्रांत येते 14-15 जानेवारीला. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र पडत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एका डोलाला सुमारे 25,800 वर्षं घेतो आणि त्यापायी संपातबिंदू (दिवस-रात्र समान असतात तेव्हाच्या सूर्याच्या जागा) आणि त्यांच्याबरोबर अयनाच्या जागा ताऱ्यांमधून मागे सरकतात, सुमारे 72 वर्षांत एक अंश. या गतीला 'परांचन' म्हणतात. शब्द चपखल आहे: 'पराञ्च्' म्हणजे उलट दिशेला गेलेलं, 'पराङ्मुख'चा सख्खा भाऊ. साचलेल्या फरकाला पंचांगवाले अयनांश म्हणतात, तो आज सुमारे 24 अंश आहे. किती धरायचा यावर वाद आहेतच. टिळक पंचांगात तो कमी धरतात, म्हणून त्यांची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते.

चौकस पुणेकर: म्हणजे 'आमच्या वेळी मृगाचा पाऊस वेळेवर यायचा' याचा दोष परांचनाला देता येईल!

व्याधाच्या मागावर: नाही. अख्ख्या आयुष्यात फरक पडतो एका दिवसाचा. पाऊस त्याहून जास्त चुकतो.

लाडूवाली: आणि परिवलन शिकवायला पुणेकरांना पुस्तक कशाला? आपल्या पश्चिमेच्या डोंगराळ भागाचं नावच मावळ, सूर्य मावळतो तिकडचं. पृथ्वी फिरते हे कळूनही आपण 'मावळतो'च म्हणणार, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

गच्चीवरून: सगळ्यांचे आभार. आईला 'लागतो म्हणजे सूर्य शिरतो' हे सांगितलं. ती म्हणाली, मग आधीच तसं सांगायचं. आता तिला मृगाचं वाहन कधी बेडूक तर कधी गाढव का असतं, हे हवं आहे. त्यासाठी वेगळा धागा काढते. भाचीने पेपरात पृथ्वीऐवजी लाडू लिहिला नाही म्हणजे मिळवलं.