आईने गरोदरपणी फवारणी केली, ते नातीपर्यंत येतं का?

कलमवाली, देवगड:
१९८६ साली मी पोटात, आईला सहावा महिना, तरी ती मोहोराच्या फवारणीला पंपात पाणी भरायची. तोंडावर पदर, बस्स. कुठलं औषध ते आठवत नाही, वास मात्र आठवतो म्हणते. परवा माझ्या लेकीच्या पाळीच्या तक्रारीवर शेजारच्या काकू बोलून गेल्या, "हा त्याच विषाचा परिणाम." तेव्हापासून आई धड जेवत नाही. एपिजेनेटिक खूण, म्हणजे जनुक न बदलता त्याचं काम चालू-बंद करणारी खूण, खरंच पिढ्यान्‌पिढ्या उतरते का?

खाडीकाठचो:
गो बाय, माजी आवस पण पाणी भरी. आमी पाच भावंडा, सगळी धडधाकट. आदी आवशीक पेज घाल.

निवृत्त मास्तर, मालवण:
पाच भावंडांनी काही सिद्ध होत नाही, पण पेजेचं बरोबर.

भीती पसरली ती उंदरांच्या प्रयोगामुळे. २००५ साली मायकेल स्किनर यांच्या गटाने गाभण उंदरिणींना विनक्लोझोलिन हे बुरशीनाशक टोचलं, तर पुढच्या चार पिढ्यांतल्या नरांचे शुक्राणू घटलेले दिसले. पण डोस केवढा? रोज किलोमागे १०० मिलिग्रॅम! इतरांनी तेच तोंडावाटे दिलं तेव्हा तसं काही आढळलं नाही.

आता तुमचं. जनुक तेच राहतं. त्यावर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक तुकडा चिकटला की बहुधा ते गप्प बसतं; हीच ती खूण. सस्तन प्राण्यांत या खुणा दोनदा पुसल्या जातात: फलनानंतर लगेच, आणि गर्भात बीजपेशी घडताना. थोड्याच पुसायच्या राहतात. शिवाय आईच्या सहाव्या महिन्यात, पोटातल्या तुमच्या अंडाशयात स्त्रीबीजं तयार होती. लेक त्यातल्याच एकातून झाली. म्हणजे तीही फवारणीला हजरच होती म्हणा ना! तिच्यात काही सापडलं तरी तो थेट संपर्क ठरेल, वारसा नव्हे. वारसा बघायचा तर आईच्या पणतीत. हॉलंडच्या १९४४-४५च्या उपासमारीचा दाखला देतात, पण साठ वर्षांनी ज्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावर कमी मिथाइल सापडलं, ती माणसं तेव्हा स्वतःच पोटात होती.

पाळीची तक्रार पंधराव्या-सोळाव्या वर्षी शेकडो मुलींना असते. थायरॉइड तपासा. काकूंना चहा कमी पाजा.

कलमवाली, देवगड:
आईला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे नात पण माझ्यावांगडा पाणी भरीत होती?" अर्धी वाटी पेज घेतली. लेकीला सोमवारी डॉक्टरकडे नेतेय.