लाळग्रंथीत ८७ए, ८७सी फुगलेले, ६८सी मात्र गायब?

प्रश्न (ठाणे पश्चिम): ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या घेतल्या, त्यांच्या लाळग्रंथी २ टक्के ॲसिटो-ऑर्सिनने (गुणसूत्रांच्या रंगाने) रंगवल्या. ६८सी या गुणसूत्रावरच्या जागेचा पफ (जनुक चालू असताना येणारा फुगवटा) जेमतेम दिसतो, ८७ए आणि ८७सी मात्र प्रत्येक स्लाइडवर टम्म. हा एक्डायसोनचा (अळीला कोष धरायला लावणाऱ्या हार्मोनचा) परिणाम का? मे महिना आहे, एसी नाही, बाटल्या खिडकीपाशी आहेत.

उत्तर १: नाही, हा उष्णतेचा. ८७ए आणि ८७सी या दोन जागी एचएसपी-७०ची (उष्णतेत पेशीला सांभाळणाऱ्या प्रथिनाची) जनुकं आहेत. ३७ अंशांना काही मिनिटांतच तिथे आरएनए तयार होऊ लागतो आणि बाकीचे बरेच पफ आटतात. इटालियन शास्त्रज्ञ रिटोसा यांनी १९६२मध्ये नोंदवलेलं हेच. बाटल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा, गोठवलेली पाण्याची बाटली बदलत राहा, तापमान २५च्या वर जाऊ देऊ नका. १८ अंशांना वाढ सावकाश होते, पण अळ्या छान जाड होतात. गर्दी टाळा, उपाशी अळीची गुणसूत्रं बारीकच राहतात. ग्रंथी ०.७ टक्के सलाइनमध्ये काढताना दिवा लांब ठेवा, तोही तापवतो.

उत्तर २: ताई, अळीचं वयही बघा. ६८सीवर डिंकाची (कोष धरताना अळीला चिकटवणाऱ्या लाळेची) जनुकं आहेत. कोष धरण्याआधी एक्डायसोन वाढलं की तो पफ आटतो आणि ७४ईएफ, ७५बी या जागा फुगतात. म्हणून बाटलीच्या काचेवर चढून स्थिरावलेली अळी नको, नुकती चढू लागलेली घ्या. ७४ईएफ सपाट असेल तर दोष बहुधा हार्मोनचा नाही.

प्रश्नकर्ती: ७४ईएफ सपाटच आहे. उद्या १८ अंशांची बॅच लावते.