मदत हवी आहे: थंडीत बाईक चालवताना बोटं बधिर होतात

रोज पहाटे ४० मिनिटं बाईक चालवतो, वेग ६० च्या आसपास. तापमान ५-६ अंश असलं की पंधरा मिनिटांतच बोटं बधिर होतात, आधी करंगळी आणि अंगठा. ब्रेक किती दाबला जातोय ते कळेनासं होतं, भीती त्याचीच वाटते.

आतून लोकरीचे, वरून लेदरचे हातमोजे घालून पाहिले. घट्ट बसले, रक्त खेळेना, उलट जास्त गारठलो. मोठ्या मापाचे घेतले तर क्लच नीट पकडता येत नाही. हँडगार्ड लावल्यावर वारा बराच अडला, पण बोटांची टोकं गारच. जॅकेट जाड आहे, मनगटं झाकलेली असतात. हात इंजिनाच्या गरम नळकांड्याला लावायचा उपाय कृपया सुचवू नका, बधिर हाताला भाजलेलं कळत नाही.

आता दोनच पर्याय दिसतात: गरम होणाऱ्या ग्रिप किंवा हँडलवर चढवायचे मफ (हात आत घालायची जाड पिशवीसारखी आवरणं). बाईक १५० सीसीची, बॅटरी १२ व्होल्टची. ग्रिपला ३०-४० वॅट लागले तर हेडलाइट चालू असताना चार्जिंग पुरेल का? आणि मफमधून हात पटकन बाहेर काढता येतो का?