कॅमेरा क्लबचं सचिवपद घ्यावं का? मग स्वतःची फोटोग्राफी राहते का?

उजेडवेडा
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय ४१, बँकेत नोकरी. चार-पाच वर्षं झाली इथल्या एका छोट्या कॅमेरा क्लबात आहे, कागदावर पस्तीसेक मेंबर, मीटिंगला येणारे बारा-तेरा, बाकीचे व्हॉट्सअॅपवर फुलांचे गुड मॉर्निंग टाकायला. आमचे सचिव सत्तरीला आलेत, कित्येक वर्षं तेच सगळं बघतात आणि आता माझ्या मागे लागलेत की बाबा तू घे, बँकेतला आहेस, हिशोब तरी नीट राहतील. आता मला फोटो काढायला आवडतात हो, थंडीत पहाटे आयर्विन पुलाखाली नदीवर धुकं असतं ते सोडून मी वर्गणी मागत फिरू का? बायको म्हणते रविवारी घरात नसतोसच, आता शनिवारही गेला समजायचा. पण नाही म्हणावं तर दुसरं कुणीच हात वर करत नाहीये आणि क्लब बंद पडेल असं वाटतं. ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय त्यांनी गुळगुळीत न बोलता सांगा.

हायपोकाका
गुळगुळीत नको म्हणतोस तर ऐक. मी पुण्यात एका क्लबात ८७ सालापासून आहे, अकरा वर्षं सचिव आणि नंतर चार वर्षं अध्यक्ष.

आमच्या वेळी क्लब म्हणजे मुळात पैसे वाचवायची सोय होती, आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही. फिल्म महाग, मग वर्गणी काढून इंदू नाहीतर ओर्वो कंपनीचा १०० फुटी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल आणायचा आणि माझ्या न्हाणीघरात, दिवा बंद करून दाराच्या फटीत टॉवेल कोंबून, हाताच्या अंदाजाने कापून कॅसेटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात घालायच्या छोट्या डब्यांत, भरायचा. ३६ एक्स्पोजरच्या अठराएक कॅसेट निघायच्या. कुणी किती नेल्या आणि कुणाचे पैसे राहिले ती वही माझ्याकडे, म्हणून मी सचिव! निवडणूक वगैरे काही नाही. आई बाहेरून ओरडायची, अरे मला हातपाय धुवायचेत, आणि दार उघडलं की अख्खा रोल गेला.

मग प्रदर्शनं आली. बालगंधर्वच्या कलादालनात १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला धरून आम्ही प्रदर्शन लावायचो, म्हणजे ऐन पावसाळा. एका वर्षी रात्री सगळे प्रिंट माउंट करून, लेबलं लावून, कंबर धरून घरी गेलो. सकाळी उद्घाटनाच्या तासभर आधी दार उघडतो तर दमट हवेने डबल टेप सुटलेला, निम्मे प्रिंट जमिनीवर, उरलेले पापडासारखे वळलेले. पाहुणे यायच्या आत चौघांनी फेव्हिकॉल नाही, काही नाही, नुसत्या टाचण्यांनी भिंत उभी केली. पाहुणे म्हणाले मांडणी फार सुरेख आहे.

हे सगळं मजेचंच. त्रास वेगळ्या ठिकाणी आहे. मागे मी निगेटिव्हच्या फायली लावत होतो, तर ९८ ते २००३ या काळात माझा स्वतःचा म्हणावा असा फोटोच नाही. हार, श्रीफळ, दीपप्रज्वलन, बक्षीस घेणारे हसरे चेहरे, बस. क्लबचे फोटो काढायला दुसरं कोण? आणि खोटं कशाला बोलू, मी इतकी वर्षं पद सोडलं नाही ते क्लबच्या प्रेमापोटी नव्हे. बाहेर ऑफिसात मी साधा क्लार्क, इथे सगळे सर म्हणायचे. ते सुटेना.

बायकोला आधीच सांगून ठेव, प्रोजेक्टर, माउंट बोर्ड आणि ट्रॉफ्यांचं खोकं तुझ्याच घरी येणार. आमच्याकडे नऊ वर्षं पलंगाखाली होतं.

मानसी_के
काका मस्त लिहिलंत, पण मी थोडी उलट बाजू सांगते. मी ठाण्याकडच्या एका क्लबात सहा वर्षं सॅलॉनचं, म्हणजे फोटोंच्या मोठ्या स्पर्धेचं काम बघितलं आणि माझे फोटो त्यामुळेच सुधारले असं माझं ठाम मत आहे. तीन परीक्षक पुढे बसलेत, फोटो स्क्रीनवर येतोय, काही सेकंदांत मार्क देऊन पुढचा, आणि मी मागे लॅपटॉपवर नोंदी करतेय. दिवसभर हे बघितल्यावर कळतं की भिगवणचे उडते फ्लेमिंगो, जेजुरीचा भंडारा आणि दिवे घाटातली वारी आपण सगळेच एकाच जागी उभं राहून काढतो. माझे लाडके फ्लेमिंगो मी त्या रात्री घरी जाऊन एंट्रीतून काढून टाकले.

वाईट भाग म्हणजे भांडणं. नेचर विभागात काही जोडायचं नाही, काही पुसायचं नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो, तरी एका ज्येष्ठ मेंबरच्या पक्ष्यामागची फांदी गायब होती. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली हात न लावलेली फाइल, मागायचा फोन कुणी करायचा? मी. त्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलेलं. त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि एएफआयएपी या आंतरराष्ट्रीय किताबासाठी अॅक्सेप्टन्स, म्हणजे सॅलॉनमध्ये निवडले गेलेले फोटो, मोजणारे इतर चारजण पण फुगून बसले. हे जमणार असेल तर हो म्हणा. वर्गणी गोळा करणं त्यामानाने काहीच नाही, यूपीआयचा क्यूआर ग्रुपवर टाका आणि विसरा.

रेडिंगकर
मी इंग्लंडात असतो, मूळचा मिरजेचा, म्हणून सांगली वाचून थांबलो. इथे क्लबचा सीझन सप्टेंबर ते मे, आठवड्याला एक संध्याकाळ, बाहेरचा परीक्षक येऊन प्रत्येक फोटोवर बोलतो आणि २० पैकी मार्क देतो. जे आवडले ते आधी बाजूला काढून ठेवतो आणि शेवटी पुन्हा बघतो, तेव्हा हॉलमध्ये जी शांतता होते ती बोर्डाच्या निकालाला पण नसते.

मुद्दा हा की आमच्याकडे एक माणूस सगळं करत नाही. स्पर्धांचा सचिव वेगळा, कार्यक्रम ठरवणारा वेगळा, खजिनदार वेगळा, आणि मध्यंतरातल्या चहाबिस्किटांची पाळीसुद्धा कागदावर लिहून भिंतीवर. मी पहिली तीन वर्षं फक्त चहा केला, मग खुर्च्या, मग स्पर्धा. माणसं इथेही हात वर करत नाहीत हां, वार्षिक सभेला अध्यक्षाने 'कोण घेणार' विचारलं की सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. पण चहाला हो म्हणणारा नेहमी मिळतो, आणि त्यालाच दोन वर्षांनी पकडायचं असतं.

हायपोकाका
रेडिंगकरांचं पटलं, आम्हाला हे कुणी तेव्हा सांगायला हवं होतं.

उजेडवेड्या, एक कामाचं राहिलं. तुमचा क्लब ट्रस्ट म्हणून नोंदलेला असेल तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आम्ही तीन वेळा दिला नाही, म्हटलं फोटोवाल्यांना कोण विचारतंय. मग बँकेत सह्या बदलायला गेलो तर रेकॉर्डवर खजिनदार म्हणून जे गृहस्थ होते ते केव्हाच वारलेले. प्रदर्शनाचे पैसे खात्यात आणि आम्ही खिशातून फ्रेमा आणतोय. सध्याच्या सचिवांकडून ठराववही, ऑडिटचे कागद आणि जुने चेंज रिपोर्ट हातात पडल्याशिवाय हो म्हणू नकोस. तू बँकेतला, तुला काय सांगायचं.

उजेडवेडा
सगळ्यांचे आभार. काल सचिवांच्या घरी जाऊन आलो. ठराववही मिळाली, ऑडिट २०१९ पर्यंतच आहे आणि चेंज रिपोर्ट हा शब्द ऐकून त्यांनी चहा मागवला. दोन वर्षांसाठी घेतो म्हणालो, स्पर्धांचं काम एका कॉलेजच्या पोरीने मागून घेतलं, आमच्याकडे पहिल्यांदाच कुणी काही मागून घेतलंय. आयर्विनचे रविवार सोडणार नाही हे मीटिंगमध्ये लिहून घ्यायला लावलं, सगळे हसले पण लिहिलं.

काका, प्रोजेक्टर निघताना हातातच दिला त्यांनी. पलंगाखाली जागा नाही, बायकोने बॅटच्या आणि गणपतीच्या मखराच्या मध्ये माळ्यावर चढवलाय.