फिर्गजेत परतणं म्हणजे खाली उतरणं नव्हे

ताई, सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकवणारा पाद्री पुन्हा फिर्गज, म्हणजे एखाद्या चर्चच्या हद्दीतली गावं आणि लोक, सांभाळायला गेला की त्याची विद्वत्ता वाया जाते, असं तुम्ही वर लिहिलंय. मला ते मुळीच पटत नाही. आमच्या गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातलंच बघा. इथल्या राशोल गावी १६१६ साली ज्यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं ओवीबद्ध काव्य, छापलं गेलं, ते फादर स्टीफन्स मोठे पंडित होते, पण त्यांची कित्येक वर्षं इथल्या गावांतल्या लोकांमध्येच गेली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांना वाचायला काहीतरी हवं होतं, त्यातूनच हे पुराण आलं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली सेमिनरीचा हेतू स्पष्ट सांगितला: तिथून खरे मेंढपाळ, म्हणजे लोकांना सांभाळणारे पाद्री, घडावेत.

अवघड जातं ते वेगळंच. वर्गात इंग्रजीतून धर्मशास्त्र समजावणाऱ्याला रविवारच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) कोंकणीतून प्रवचन द्यायचं असतं, समोर आजी आणि तिची नातवंडं एकाच बाकावर. शिवाय आजाऱ्यांना कोमुन्यांव (पवित्र भाकर) नेणं, मयताच्या घरी बसणं, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) हिशेब! हे पुस्तकातून येत नाही. म्हणून अशा पाद्रीला पहिलं वर्षभर एखाद्या अनुभवी विगाराबरोबर (फिर्गजेच्या मुख्य पाद्रीबरोबर) ठेवावं, आणि आठवड्यातून एखादा तास सेमिनरीत शिकवूही द्यावं. विद्यार्थ्यांना त्याच्याकडून गावातली ताजी खबर मिळेल.