प्रॉडक्शन सर्व्हरवर 'मेक इन्स्टॉल' बंद करा

महापे_सिसॲडमिन:
लिनक्स सर्व्हरवर सोर्स कोड हाताने कंपाइल करून 'मेक इन्स्टॉल'ने सॉफ्टवेअर बसवणं बंद करा. परवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधला एका क्लायंटचा सर्व्हर आमच्याकडे आला. युझर-लोकल या फोल्डरमध्ये रेडिस या डेटाबेसची बायनरी, म्हणजे चालणारी फाइल. फाइल कुठल्या पॅकेजमधून (तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यातून) आली ते सांगणारी 'आरपीएम -क्यूएफ' कमांड मारली, तर ही फाइल कुठल्याच पॅकेजची नाही. कोणी बसवली, कुठले पॅच मारून, काही पत्ता नाही. पॅकेजं अद्ययावत करणारं 'डीएनएफ अपडेट' नेमाने चालायचं, पण ते या फाइलला हातच लावत नाही. सर्व्हरवर जे बसेल ते पॅकेजमधूनच बसावं, असं माझं ठाम मत आहे.

घणसोली_डेव्ह:
रिपॉझिटरीतली, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातली, व्हर्जन जुनी असते त्याचं काय? आम्हाला नवं पोस्टग्रेस (डेटाबेस) लागतं. शिवाय ऑडिटचा स्कॅनर व्हर्जनचा जुना आकडा दिसला की लाल शेरा मारतो.

महापे_सिसॲडमिन:
पोस्टग्रेस प्रकल्पाची स्वतःची एप्ट (डेबियनसाठी) आणि यम (रेड हॅटसाठी) रिपॉझिटरी आहे, ती जोडा. आकड्यावर तर जाऊच नका. 2014 मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाली तेव्हा ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने दुरुस्ती 1.0.1जी मध्ये दिली. रेड हॅटने आपल्या आरएचईएल 6 या लिनक्समध्ये 1.0.1ई च ठेवून तीच दुरुस्ती त्या जुन्या व्हर्जनमध्ये आणून बसवली, म्हणजे बॅकपोर्ट केली. ऑडिटवाल्यांना पॅकेजच्या चेंजलॉगमधला सीव्हीई नंबर (त्रुटीचा नोंदणी क्रमांक) दाखवा.

वागळे_इस्टेट_ऑप्स:
पॅकेज म्हणजे सुरक्षित, हा समज मला धोक्याचा वाटतो. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये बॅकडोअर (चोरवाट) सापडलं. डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असेल तरच ते आत शिरायचं. हाताने कंपाइल करणारा वाचला असता!

महापे_सिसॲडमिन:
पण डेबियन स्टेबल (डेबियनची स्थिर आवृत्ती) आणि आरएचईएलपर्यंत ते पोचलं का? नाही. डेबियन टेस्टिंग, फेडोरा रॉहाइड अशा पुढच्या फळीतच, म्हणजे चाचणीच्या आवृत्त्यांतच, पकडलं गेलं. सर्व्हरला उशिरा व्हर्जन मिळते त्याचा हा फायदा.

वागळे_इस्टेट_ऑप्स:
पकडलं गेलं ते पोस्टग्रेसचे डेव्हलपर अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दुरून) सर्व्हरवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. तुमच्या रिपॉझिटरीच्या कुठल्याही तपासणीत ते दिसलं नव्हतं. आणखी काही आठवडे गेले असते तर?

कोपरखैरणे_क्लाउड:
प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधणारं डॉकर वापरा, वादच नको.

महापे_सिसॲडमिन:
इमेजच्या आत डेबियनसारखं लिनक्सच असतं ना? इमेज पुन्हा बांधली नाही, तर आतली लायब्ररी वर्षभर तशीच राहते.

घणसोली_डेव्ह:
पोस्टग्रेसची रिपॉझिटरी लावून बघते. पण आमचं एक पीएचपी एक्स्टेन्शन कुठेच तयार मिळत नाही. ते सोर्समधूनच बांधावं लागणार.

महापे_सिसॲडमिन:
मग त्याचं आरपीएम बांधा. स्पेक फाइल (पॅकेज कसं बांधायचं याची कृती) लिहिण्यात अर्धा दिवस जाईल, पण काढायचं झालं तर एका कमांडमध्ये निघेल.