पिकअपच्या डीआरएलचा होल्डर वितळला: परत बल्ब, चांगला एलईडी की सरळ बंद? नागपूरकरांनो, सल्ला हवाय

काटोलचा_संत्रा

मंडळी, नमस्कार. गाडी डबल कॅबिन पिकअप, सहा वर्षांची, ८८ हजार किलोमीटर झालेली. आठवड्यातून तीन-चारदा काटोल ते कळमना मार्केट, बाकी घरची कामं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक तिची आहे असं मला अजून वाटत नाही, आणि धागा ‘तुझी गाडी की माझी गाडी’वर जायला नको.

आमच्या मॉडेलला दिवसा लागणारे दिवे, म्हणजे डीआरएल, बंपरमध्ये आहेत. आत साधा २१ वॅटचा बल्ब. इंजिन चालू झालं की लागतात, हेडलाइट लावला की विझतात. उजेड पिवळट पडतो म्हणून दिवाळीत एका दुकानातून पांढरे एलईडी बल्ब टाकून घेतले. फिटिंगसकट जोडीचे १,४०० रुपये. दिसत होते झकास, खोटं कशाला बोलू.

मार्चपासून मधूनच जळका वास यायला लागला. आधी वाटलं क्लच. मिस्त्रीने क्लच बघितला, काही नाही. गेल्या मंगळवारी मृग बहाराचा माल घेऊन कळमन्यात रांगेत उभा होतो. पावणेदोन तास. ऊन मरणाचं, म्हणून एसी चालू, म्हणजे इंजिन चालू, म्हणजे दिवेही चालू. एक हमाल काचेवर टकटक करून म्हणतो, “भाऊ, तुमच्या गाडीच्या डाव्या डोळ्यातून धूर निघून राह्यला.”

उतरून बघितलं तर खरंच. होल्डरची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली, बंपरला आतून फोड आलेला, वायरवरची जाळी कडक होऊन बोटाने तुटत होती. गंमत म्हणजे पुढच्या काचेला हात लावला तर ती कोमटसुद्धा नाही!

आता तीन सल्ले पाहिजेत. परत साधे बल्ब टाकू, का जरा महागातले एलईडी घेऊ, का ही भानगडच बंद करू? बंद केले तर पावती फाटते का? आणि नागपुरात हे काम नीट कोण करून देतं?

मिहानकर

एलईडी तापत नाही हा गैरसमज आहे. त्याची उष्णता बल्बसारखी पुढे फेकली जात नाही, मागच्या ॲल्युमिनियमच्या बुडातून बाहेर पडते. म्हणून तुमची काच थंड आणि पाठ गरम. त्या बुडाला वारा लागला नाही तर एलईडी मरतो. रांगेत उभ्या गाडीला वारा कुठला? त्यात आपलं ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेलेत, आणि ते सावलीतलं हवेचं तापमान. डांबराच्या वर वीतभर असलेल्या बंपरचं विचारूच नका. माझं मत: मागे पंख्यासारख्या पात्या असलेले चांगले एलईडी घ्या, विषय संपला.

खर्रा_सोडला

४७.९ काय घेऊन बसलात राजेहो, २०२४ च्या मे महिन्यात आपल्या इथे ५६ अंश दाखवले होते मशीननं! मग हवामानवाले म्हणे सेन्सरच बिघडला. आमच्या म्हाताऱ्यानं तर ५६ खरे मानून दोन दिवस अंगणात पाय नाही ठेवला.

काटोलभाऊ, मी तर म्हणतो वायरच छाटून टाका. दिवसाढवळ्या दिवे लावून कोणाले दाखवाचं आहे?

वाडीचा_वायरमन

सगळे थांबा जरा. कोणी काही विकत घेऊ नका, कोणी काही छाटू नका.

काटोलभाऊ, दोन प्रश्न. एलईडी टाकल्यावर डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचं चिन्ह आलं होतं का? आणि आलं असेल तर दुकानदारानं ते घालवायला काय लावलं?

काटोलचा_संत्रा

हो, आलं होतं! त्यानं दोन्ही बाजूंना एकेक सोनेरी रंगाची डबी लावली, बोटाएवढी, दोन वायरवाली. म्हणाला, “याने चिन्ह जातं, काळजी करू नका.” आणि गेलंही. डबी कुठेय ते बघतो. थांबा, गाडीपाशीच उभा आहे.

बघितलं. होल्डरच्या मागच्या वायरलाच प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेली आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ५० वॅट, ६ ओहम असं काहीतरी दिसतंय.

वाडीचा_वायरमन

सापडला चोर. तुमचा एलईडी बिचारा निर्दोष आहे.

काय होतं सांगतो. गाडीचा कॉम्प्युटर बल्बमधून किती करंट जातोय ते बघत असतो. २१ वॅटच्या जागी तीन-चार वॅटचा एलईडी आला की त्याला वाटतं बल्ब उडाला. मग त्याला फसवायला हा रेझिस्टर, म्हणजे तुमची ती सोनेरी डबी, लावतात. तो उजेड देत नाही, हवा देत नाही, वीज खाऊन फक्त तापतो. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्ट धरा. १४ भागिले ६, म्हणजे २.३ अँपिअर. त्याला १४ ने गुणा, जवळजवळ ३३ वॅट. सोल्डरिंगची आपली नेहमीची इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या बंपरच्या पोटात प्रत्येक बाजूला एक सोल्डरिंग इस्त्री बांधून ठेवलीय, आणि तीही वायरच्या जुडग्याला.

हा माल मुळात इंडिकेटरसाठी येतो. तिथे चालून जातो, कारण इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो आणि वळण संपलं की गप्प. डीआरएल काटोलपासून कळमन्यापर्यंत अखंड चालू. शिवाय वर ५० वॅट लिहिलंय ते लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवला तर. त्याला दोन भोकं त्यासाठीच दिलेली असतात. हवेत लोंबकळत ठेवला तर त्याची ताकद निम्मीही उरत नाही.

आणि हिशेब बघा. आधी बाजूला २१ वॅट जात होते. आता एलईडीचे चार आणि डबीचे तेहतीस, सदतीस झाले. वीज वाचवायला गेलो म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय.

मिहानकर

मान्य, मी डबीचा विचारच केला नव्हता. पण मग फ्यूज का नाही उडाला? वायर जळेपर्यंत फ्यूज काय करत होता?

वाडीचा_वायरमन

त्याचं काम करत होता. फ्यूज १० अँपिअरचा, दोन्ही बाजूंचं मिळून पाच-साडेपाच अँपिअर. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. जास्त करंट गेला तर तो उडतो, एखादी वस्तू आपल्या जागी बसून तापत असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून “फ्यूज आहे ना, मग कशाला घाबरता” असं जो फिटर म्हणतो त्याच्याकडून मी गाडी घेऊन निघून येईन.

उन्हाचंही सांगतो. ऊन दोषी नाही, पण साक्षीदार आहे. थंडीत हाच रेझिस्टर तेवढाच वाढीव तापत होता, फक्त सुरुवात १५-२० अंशांवरून होत होती. आता उन्हात उभ्या बंपरची सुरुवातच पन्नास-साठवरून होते. दिवाळीत बसवलेलं मार्चमध्ये वास मारायला लागलं ते त्यामुळे.

हिरवीगार

माझी हिंगणा रोडला रोपवाटिका आहे, रोपं पोचवायला पिकअप मीच चालवते. माझी कथा वेगळी, पण कामाला येईल. माझ्या गाडीला डीआरएल नव्हतेच. ऑनलाइन ४५० रुपयांची चिकटवायची पट्टी मागवली, बंपरला लावली. दोन महिन्यांत अर्धी पट्टी निळी पडली, उरलेली लुकलुकायला लागली. मागचा डिंक विरघळून बंपरवर ओघळ आला, तो अजून निघत नाही.

धाकट्या भावाने, तो पॉलिटेक्निकला आहे, ती फाडून बघितली. आत तीन-तीन एलईडीची माळ आणि एक बारका रेझिस्टर, बाकी काही नाही. त्याने समजावलं ते असं: तीन पांढरे एलईडी मिळून साडेनऊ व्होल्टच्या आसपास घेतात. १२ व्होल्टला रेझिस्टरच्या वाट्याला अडीच उरतात. पण गाडी चालू असताना १४.४ असतात, म्हणजे पावणेपाच-पाच. वाट्याला आलेले व्होल्ट दुप्पट, तर माळेतला करंटही जवळजवळ दुप्पट. बनवणाऱ्याने टेबलावरच्या १२ व्होल्टला तपासून खोक्यात भरलं असणार.

आता बंद डब्यातले आहेत, ॲल्युमिनियमची पाठ, आत करंट सांभाळणारं सर्किट. जोडी ३,८०० ला पडली. घेताना एकच गोष्ट बघितली, काचेवर गोलात ई हे अक्षर आणि शेजारी आरएल कोरलेलं आहे का. आरएल म्हणजे तो दिवा डीआरएल म्हणूनच तपासून पास झालेला. नुसता ई छापलेला स्टिकर कोणीही छापतं. दोन उन्हाळे झाले, तक्रार नाही.

काटोलचा_संत्रा

ताई, वायरमनभाऊ, डोक्यात उजेड पडला, तोही पांढरा! आता शेवटचं विचारतो. बंद केले तर पावती?

वाडीचा_वायरमन

आपल्याकडे कारला आणि पिकअपला डीआरएलची सक्ती नाही. युरोपात नव्या मॉडेलच्या गाड्यांना २०११ पासून आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा दिवा इंजिनबरोबर लागतो, तो नियम वेगळा, त्यावरून लोकांचा गोंधळ होतो. तरी मी बंद करायचा सल्ला देणार नाही. तुम्ही काटोल रोडला असता, तिथे समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्याला तुमची गाडी दोन सेकंद आधी दिसली तरी पुष्कळ झालं. खर्राभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.

मी तुमच्या जागी असतो तर: दोन्ही डब्या काढून फेकून द्या, दुसऱ्या कोणाला देऊ नका. होल्डर दोन्ही बाजूंचे नवीन, ओरिजिनलच घ्या. डावा वितळलाय पण उजवाही आतून ठिसूळ झाला असणार. जळलेली वायर टेप गुंडाळून चालवू नका, चांगली तांब्याची लागेपर्यंत मागे कापा, नवा तुकडा जोडा, वर उष्णतेने आवळणारी नळी. मग साधा २१ वॅटचा बल्ब. खोक्यावर २१ वॅटच लिहिलेला बघून घ्या, “जास्त उजेडवाला” म्हणून काही दिलं तर परत करा. होल्डर त्या २१ वॅटसाठीच बनवलाय.

पांढरा पाहिजेच असेल तर ताईंसारखा पूर्ण दिवा बदला, वेगळ्या रिलेवर (विजेनं चालू-बंद होणारा स्विच), स्वतःच्या फ्यूजसकट. किंवा काही गाड्यांत कॉम्प्युटरला स्कॅनर लावून त्या दिव्याची तपासणीच बंद करता येते, मग डबी लागत नाही. तुमच्या मॉडेलला होतं का ते स्कॅनरवाला पाच मिनिटांत सांगेल.

आणि कळमन्याच्या रांगेसाठी एक जुगाड. डीआरएलची रिले हॅन्डब्रेकच्या स्विचमधून फिरवून घ्या. हॅन्डब्रेक ओढला की दिवे बंद. काही परदेशी पिकअपमध्ये हे कंपनीतूनच येतं. खर्च तीन-चारशे, आणि उभ्या गाडीत विनाकारण तापणं संपलं.

नावं इथे टाकत नाही, जाहिरात होते. वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांचं काम करणारे दोन ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ट्रकवाल्यांचे मिस्त्री बघा, ॲक्सेसरीवाले नको. ट्रक जळाला तर मालक दारात येऊन बसतो, त्यामुळे ते वायर नीट जोडतात.

खर्रा_सोडला

मानलं भाऊ. वायर छाटाचा सल्ला मागे घेतो.

मिहानकर

माझ्याही गाडीत बघितलं, एलईडी आहेत, डबी नाही. तरी शंका नको म्हणून पिस्तुलासारखा थर्मामीटर घेऊन पाठ मोजली. एक अनुभव: चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. माझ्याकडे अर्ध्या तासाने ७१.

काटोलचा_संत्रा

रविवारी काम करून घेतलं, म्हणून धागा वर काढतो. वाडीला गेलो, दोन तास लागले. होल्डर, वायर, बल्ब, हॅन्डब्रेकचा जुगाड, सगळं मिळून २,१५०. उजवा होल्डर वायरमनभाऊ म्हणाले तसाच, हातात घेताच चिक्कीसारखा तुटला. डॅशबोर्डवर चिन्ह नाही. उजेड पुन्हा पिवळट, पण आता तो पिवळा मला आवडायला लागलाय.

काढण्याआधी मिहानकरांचं ऐकून डबीला काळी टेप लावून मोजायला गेलो. मिस्त्रीकडे तसलं पिस्तूल होतं. गाडी चालू करून दहा मिनिटं थांबलो. टेप मऊ होऊन डबीवरून खाली घसरली, त्यामुळे आकडा काही नोंदता आला नाही.

हिरवीगार

आत्ताच माझ्या मोठ्या दिरांची पिकअप बघितली. मागच्या महिन्यातच एलईडी टाकलेत. उजव्या बाजूला सोनेरी डबी, वायरला बांधलेली. उद्या पहाटे त्यांना अमरावतीला जायचंय. काय करू?

काटोलचा_संत्रा

आजच काढा, ताई. चिन्ह दिसलं तर दिसू दे. फक्त गाडी बंद करून अर्धा तास थांबा आणि मगच हात घाला. मी थांबलो नव्हतो, अंगठ्यावर फोड आहे, हे एका बोटाने टाइप करतोय.